जातीच्या रकान्यात 'अन्य'

"जात बोल."

पोलीस ठाण्याच्या मुन्शीनं, म्हणजे कारकुनानं, वर न बघता विचारलं. बाबा टेबलासमोर उभे होते, मी त्यांच्या मागे. ठाण्याच्या त्या खोलीत खुर्च्या दोनच. एकीवर मुन्शी. दुसरीवर, ज्याच्याविरुद्ध आम्ही तक्रार द्यायला आलो होतो, त्या पोराचा काका. संत्र्याच्या बगीच्यांचा मालक. त्याच्या हातात चहा होता, आणि तो चहा ठाण्यानंच मागवलेला होता.

"बौद्ध," बाबा म्हणाले.

"वो तो धरम हुआ. मैं जात पूछ रहा हूँ."

"बौद्धच, साहेब."

मुन्शी हसला. माझ्या बापाकडे बघून नाही, काकाकडे बघून. "शर्माता क्यों है? हमको मालूम है, इनको भी मालूम है. बस तेरे मुँह से सुनना है."

काकानं बशीत चहा ओतला आणि आवाज करत प्यायला. बाबांचे कान लाल झाले होते. मला ते मागून दिसत होते.

आमच्या घरात तो शब्द नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव कन्हान नदीत सोडले आणि त्यांच्यासोबत तो शब्दही सोडला. कोणी जात विचारली तर मान वर करून 'बौद्ध' म्हणायचं, हे आम्ही पोरं बोलायला लागल्याबरोबर शिकलो. माझ्या भावानं एकदा कुठून तरी ऐकून तो शब्द घरात उच्चारला, तर बाबांनी त्याच्या थोबाडीत मारली होती. एरवी पोरांवर हात न उचलणारा माणूस. त्या माणसाला मुन्शी म्हणत होता, या बगीचावाल्यासमोर बोल.

बाबा बोलले नाहीत.

"मत बोल. 'अन्य' लिख देता हूँ," मुन्शी म्हणाला आणि लिहून मोकळा झाला.

बाबांनी श्वास सोडला. मीही सोडला. खरं सांगते, त्या क्षणी आम्हाला वाटलं की आपण जिंकलो. आपल्या तोंडून त्यानं वदवून घेतलं नाही. केवढा मूर्खपणा! पण तसा मूर्खपणा आमचेच लोक करू शकतात, आणि मुन्शीला ते माहीत होतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बी.ए.चं दुसरं वर्ष. हंगामात संत्र्याच्या छाटणीवर जायची, म्हणजे शेडमध्ये बसून लहान-मोठी फळं वेगळी करायची. त्या शेडमध्ये, कॅरेटच्या थप्पीमागं, काकाच्या पुतण्यानं माझ्यासोबत जे केलं ते मी इथं पुन्हा लिहिणार नाही. त्या दिवशी ठाण्यात एकदा सांगितलं. सगळं सांगितलं. पाच पुरुषांसमोर. माझ्या बापासमोर. त्या काकासमोर. एकही बाई तिथं नव्हती. मी बोलत होते आणि मुन्शी मधूनमधून काकाला विचारत होता, "शक्कर ठीक है ना?"

त्यानं हिंदीत चार ओळी लिहिल्या. वाचून दाखवल्या नाहीत. बाबांनी सही केली, मी सही केली. हातात एक चिठ्ठी मिळाली. तिला तिथं 'अदम चेक' म्हणतात. आम्हाला वाटलं रिपोर्ट झाली. अदम चेक म्हणजे पोलिसांनी काही करायचं नाही, तुम्हाला हौस असेल तर तुम्ही कोर्टात जा, हे पुढं कोणीतरी सांगितलं. तोवर छाटणीचा हंगाम संपला होता, आणि पुढच्या हंगामाला आमच्या घरी कोणी बोलवायलाच आलं नाही.

बसमध्ये बाबा एवढंच म्हणाले, "लिहून तं घेतलं त्याईनं." त्यानंतर या विषयावर आमच्या घरात एक शब्द निघाला नाही. माय होती तोवर ती माझ्या डोक्याला तेल लावताना रडायची, पण तीही बोलली नाही. बाबा जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. मला वाटायचं ते माझ्यावर रागावले आहेत. बरीच वर्षं तसंच वाटायचं.

ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. पांढुर्णा-सौंसर भागातलं एक ठाणं म्हणा. एका माणसावर बोट ठेवून बाकीचे सुटावेत, असं मला नको आहे.

नशीब बघा. बी.ए. झालं, सौंसरला कंप्युटरचा डिप्लोमा केला, आणि सरकारी ऑफिसांना ऑपरेटर पुरवणाऱ्या एका ठेकेदारानं मला उचलून नेमकं त्याच ठाण्यात टाकलं. नको म्हणायला पाहिजे होतं. पण माय गेली होती, भाऊ नागपूरला निघून गेला होता, आणि बाबांचे गुडघे गेले होते. मी 'हो' म्हटलं.

मुन्शी तोच होता. केसांना काळा रंग लावलेला, बाकी तोच. त्यानं मला ओळखलं नाही. मला त्याचं भय वाटलं असतं तर बरं झालं असतं. मला लागलं ते हे, की माझ्या आयुष्याची माती करून या माणसाला माझा चेहरासुद्धा आठवत नव्हता.

पहिल्या दिवशी त्यानं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा! यानी कि अन्य!" तो म्हणाला आणि सगळे हसले. त्या दिवसापासून माझं नाव 'अन्य मैडम' पडलं. अन्य मैडम, ज़रा प्रिंट निकाल दो. अन्य मैडम आज देर से आईं. मी सुरुवातीला मान खाली घालायची. मग कधीकधी मीही हसायची. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करणार, असं स्वतःला समजवायची. त्या हसण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुपारी ते सगळे मागच्या खोलीत डबे उघडायचे. वांग्याच्या भाजीचा वास माझ्या टेबलापर्यंत यायचा. कोणी 'येऊ नको' असं म्हटलं नाही. 'ये' असंही म्हटलं नाही. मी खिडकीजवळ, की-बोर्ड सरकवून, एकटी खायची. रविवारी गावी गेले तर वस्तीतल्या बाया हापशीवर गप्प व्हायच्या. "ठान्यातली आली," एक दुसरीला हळू सांगायची. ठाण्यात मी वस्तीची, वस्तीत मी ठाण्याची. सौंसरच्या भाड्याच्या खोलीत संध्याकाळी मी रेडिओसारखा मोबाइल लावून ठेवायची, कोणीतरी बोलत असावं म्हणून.

काम मात्र मला चांगलं जमायचं. माझा हात भराभर चालतो. हाताने लिहिलेली रिपोर्ट कंप्युटरवर चढवायची, आणि महिना संपला की पत्रक तयार करून जिल्ह्याला पाठवायचं. त्या पत्रकात गुन्ह्यांचे रकाने असतात. बायकांवरचे अत्याचार किती, त्यात अनुसूचित जातीच्या बायका किती, जमातीच्या किती. जिल्ह्याचं पत्रक भोपाळला जातं, तिथून दिल्लीला. मग पेपरात येतं की अमुक राज्यात इतके गुन्हे झाले. ते आकडे माझ्यासारख्या कोणाच्या तरी बोटांतून निघतात हे वाचणाऱ्याला कुठं माहीत असतं.

आमचा जिल्हा नवा. ठाण्याचे मोठे साहेब, ज्यांना सगळे टीआय साहेब म्हणतात, ते मीटिंगमध्ये म्हणायचे, "नया जिला है. पहली तस्वीर साफ जानी चाहिए." तस्वीर कशी साफ करतात ते मी तिथं बसून शिकले. मोठा गुन्हा आला की त्याला घासून लहान करायचं. लहान आला की त्याचा अर्ज करायचा. अर्ज फायलीला लावायचा आणि बाईला सांगायचं, घरी जा, आम्ही बोलवू.

आणि आमच्या लोकांसाठी वेगळी युक्ती होती. बाई किंवा तिचा बाप समोर आला की मुन्शी जात विचारायचा. ते ताठ मानेनं 'बौद्ध' म्हणायचे. मुन्शी दुसऱ्यांदा विचारायचा, हसत, चारचौघांत. ते गप्प व्हायचे. मग 'अन्य'. अनुसूचित जाती असं चढलं की दलितांवरच्या अत्याचाराचा दुसरा कायदा लागतो. तपास मोठ्या अधिकाऱ्याकडे जातो, जामीन सहजासहजी मिळत नाही, वरून फोन येतात आणि पत्रकातला तो रकाना भरतो. 'अन्य' लिहिलं की यातलं काहीच होत नाही. सही शिक्का, काम फत्ते. आमच्या आजोबांनी कमावलेला ताठ कणा मुन्शीच्या कामी येत होता.

मला सगळं माहीत होतं. माझी कॉलेजची स्कॉलरशिप जातीच्या दाखल्यावरच आली होती. धर्म बौद्ध, प्रवर्ग अनुसूचित जाती. दोन वेगळे रकाने, दोन्ही खरे, दोन्ही कायद्यानं मान्य. मी तीन वर्षं हे माहीत असून 'अन्य'वर बोट दाबत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

एकदा जुनी रजिस्टरं कंप्युटरवर चढवायचं काम निघालं. धुळीनं भरलेले गठ्ठे माझ्या टेबलावर आले. मी माझं वर्ष शोधलं. मग महिना. मग पान. बाबांची सही मी लगेच ओळखली, ते शेवटच्या अक्षराला खाली शेपूट काढतात. वर चार ओळी होत्या. त्या अशा:

"आवेदिका एवं अनावेदक के मध्य संतरे की छँटाई को लेकर कहासुनी हुई. गाली-गलौज. चोट नहीं. पुलिस हस्तक्षेप अयोग्य."

संत्र्याच्या छाटणीवरून बोलाचाली.

मी ते तीनदा वाचलं. पाच पुरुषांसमोर मी जे जे सांगितलं होतं, दात आवळून, बापाच्या पाठीकडे बघत, त्यातला एक शब्द त्या कागदावर नव्हता. फक्त संत्री होती. मला ओरडावंसं वाटलं. रजिस्टर उचलून मुन्शीच्या तोंडावर फेकावं असं वाटलं. पण मी काय केलं? ती एंट्री जशीच्या तशी टाईप केली. एकही अक्षर न चुकवता. मग दीड वाजला होता म्हणून डबा उघडला.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी ती पोरगी आली.

तिचं नाव लिहायला कायदा मनाई करतो, आणि या बाबतीत मी कायद्याचं ऐकते. बावीस वर्षांची. रामाकोन्याकडच्या एका खेड्यातली. संत्र्याच्या रोपवाटिकेत कलमं बांधायची. बोटांना सुतळीचे काप पडलेले. सोबत तिची माय. तक्रार रोपवाटिकेच्या मालकावर होती. बाहेरून एक महिला अधिकारी बोलावली, तिनं बयान नीट लिहून घेतलं, कलमही बरोबर लावलं. पोरगी एकदाही अडखळली नाही. मला तिचा हेवा वाटला.

मग कागद मुन्शीकडे आला. "जात?"

"बौद्ध हावो आमी," माय म्हणाली. मान वर.

"वो तो धरम हुआ, बाई."

दुसऱ्यांदा विचारल्यावर माय गप्प झाली. मुन्शीनं माझ्याकडे मान वळवली. "अन्य डाल दे."

मी त्या मायकडे बघितलं. तिनंही सुटकेचा श्वास सोडला. अगदी तसाच. तेव्हाच उठून सांगायला पाहिजे होतं. दोन वाक्यं लागली असती. मला माझ्या खोलीचं भाडं आठवलं, बाबांच्या गोळ्या आठवल्या, आणि मी बटण दाबलं.

हा माझा गुन्हा. तो कुठल्याच पत्रकात नाही.

आठ-दहा दिवसांनी पोरगी परत आली. एकटी. मालक जामिनावर सुटून गावात फिरून राहिला होता. सौंसरच्या वकिलानं तिला रिपोर्टच्या कॉपीवरचा रकाना दाखवला होता, की हे बघ, इथं 'अन्य' आहे म्हणून दुसरा कायदा लागला नाही. दुपारची वेळ, सगळे मागं जेवत होते. ती सरळ माझ्या टेबलाजवळ आली आणि कॉपी समोर ठेवली.

"ताई, हे तुमीच टाईप केलं ना?"

"हो."

"तुमचं आडनाव काय?"

मी सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी काही तरी उत्तर दिलं असतं.

"मंग तुमाले तं मालूम होतं," ती म्हणाली.

मुन्शीनं तीन वर्षं केलेल्या सगळ्या चेष्टा एका पारड्यात आणि हे एक वाक्य दुसऱ्या पारड्यात. मी खुर्चीत बसले होते आणि ती उभी होती. मला माझी ती खुर्ची नको वाटली.

मी तिला म्हटलं, दाखला आहे का? ती म्हणाली, "हाय. मायच्या पेटीत, उलटा करून ठेवला हाय. त्याच्यावर तो शब्द हाय ना. माय कोनाले दाखवत नाही."

"बोलायचं नाही. कोणी कितीही विचारलं तरी तोंडानं बोलायचं नाही. दाखल्याची झेरॉक्स जोडायची आणि सांगायचं, धर्म बौद्ध, प्रवर्ग अनुसूचित जाती. बस."

"हे तवा काऊन नाही सांगतलं?"

मी खरं तेच सांगितलं. "भेली होती."

त्याच दिवशी संध्याकाळी बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मी तिला अर्ज लिहून दिला. हिंदीत, जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांच्या नावानं. तिची माय दाखला पदराखाली धरून उभी होती. झेरॉक्सवाल्याच्या हातात देताना तिनं तो पुन्हा उलटा केला. तो म्हणाला, "बाई, सीधा रखोगी तब ना आएगा." तिनं तो सरळ केला आणि दुसरीकडे बघितलं. ते बघताना मला स्वतःची चीड आली. त्या बाईला हेही करावं लागलं, कारण माझं बोट घाबरलं होतं.

तीन आठवड्यांनी वरून कागद आला. पीडितेचा प्रवर्ग चुकीचा का चढला, खुलासा द्या. टीआय साहेबांनी मला आत बोलावलं. तीन वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, "बैठो बेटा." मुन्शी बाजूला उभा होता. टेबलावर टाईप केलेला कागद तयार होता. चोरांची किती तयारी असते! माझ्याच नावानं लिहिलं होतं की मी, ठाण्याची ऑपरेटर, माझ्याकडून टंकण त्रुटी झाली, ती अनावधानाने झाली, पुढे काळजी घेईन.

"साइन कर दो," साहेब म्हणाले. "छोटी सी बात है. तुमको कुछ नहीं होगा, नौकरी रहेगी. त्रुटि मान ली तो हम आज ही सुधार के भेज देंगे. तुम्हारे ही समाज की लड़की है. उसी का भला होगा."

बघा कसं असतं. सही केली तर पोरीचं काम आजच होत होतं. नाही केली तर चौकशी, तारखा, महिने. ही गोष्ट त्यांनी मला समजावून सांगायची गरज नव्हती, ती मला खुर्चीत बसल्याबसल्याच कळली होती. मी पेन हातात घेतलं. हे लपवत नाही.

मग मी तो शब्द पुन्हा वाचला. त्रुटी. माझ्या बोटाची त्रुटी म्हटलं की ती एकाच पोरीपुरती होते. बाकीच्या सगळ्या एंट्र्या खऱ्या ठरतात. त्या बायका ज्या 'अन्य' होऊन घरी गेल्या, त्या कायमच्या अन्य. मुन्शी तसाच विचारत राहील, पत्रक तसंच शून्य जात राहील, आणि एवढ्या वर्षांचा दोष एका बौद्ध पोरीच्या बोटावर येऊन बसेल. चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्यावर सही माझी.

"साहेब," मी म्हटलं, "त्रुटी नाही झाली. मला सांगितलं ते मी टाकलं."

मुन्शी म्हणाला, "कोणी सांगितलं?" मराठीत. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा मराठी शब्द ऐकला. त्याला सगळं समजत होतं तर. माझा बाप 'बौद्धच, साहेब' म्हणाला तेव्हाही.

"तुम्ही," मी म्हटलं.

मी तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हातानं लिहायला लागले. की या पोरीचा प्रवर्ग अनुसूचित जाती आहे, दाखला जोडलेला आहे, तो ताबडतोब दुरुस्त करा. की 'अन्य' हे मला तोंडी सांगून टाकायला लावलं, आणि मला खरं माहीत असतानाही मी ते टाकलं. की हे एकदाच झालेलं नाही. खाली मी आठवतील तेवढ्या रिपोर्टचे नंबर लिहिले. सगळ्यात शेवटी माझ्या स्वतःच्या अदम चेकचं वर्ष, महिना आणि पान.

मुन्शीनं ते वाचलं. पान नंबर वाचल्यावर त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. आठवलं की नाही, कोण जाणे. मला आता त्याची गरज नव्हती.

"ये आवक में नहीं चढ़ेगा," तो म्हणाला.

मी मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढला, पांढुर्ण्याच्या पोस्टात जाऊन नव्यानं सगळं लिहिलं आणि रजिस्टर करून वरच्या तीन ऑफिसांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराचा फोन आला. कल से मत आना. कारण विचारलं तर म्हणाला, काम कम हो गया.

गावी गेले. बाबांना सगळं सांगितलं. त्या चार ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी एवढी वर्षं कधी विचारलं नव्हतं की त्या दिवशी नेमकं काय लिहिलं. त्यांना वाटत होतं, माझ्यासोबत झालेलं सगळं त्या कागदावर आहे, आणि तरी कोणी काही केलं नाही.

"कहासुनी?" ते म्हणाले.

"हो."

"संत्र्याची?"

"हो बाबा."

मग म्हणाले, "अन् मी सही केली त्याच्यावर." ताट समोर होतं. त्यांनी हात लावला नाही. तेव्हा मला कळलं की ते माझ्यावर कधीच रागावले नव्हते. ते कळून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतकी वर्षं आम्ही दोघं एकाच घरात वेगवेगळे जळत होतो.

पोरीच्या प्रकरणात एक मोठा अधिकारी येऊन चौकशी करून गेला. कलम वाढलं की नाही, हे लिहून राहिले तोवर कळलेलं नाही. ती मला फोन करत नाही. मी केला तर दोन शब्द बोलून ठेवते. तिनं मला माफ केलेलं नाही, आणि करावं असं मी मागितलेलं नाही.

आता मी सौंसरला एका दुकानात ऑनलाइन फॉर्म भरून देते. रविवारी जमेल तसं एकेका गावाच्या विहारात जाते. लोधीखेड्याला गेले, तिगावला गेले. वंदना झाली की उभी राहून सांगते, दाखला पेटीतून काढा, झेरॉक्स जवळ ठेवा, ठाण्यात तोंडानं काही बोलू नका, रकाना वाचल्याशिवाय सही करू नका. काही बाया ऐकतात. पुष्कळ लोक उठून जातात. एका म्हाताऱ्या आजोबांनी मला सगळ्यांसमोर झापलं, "आमच्या बापानं नदीत सोडलेला शब्द तू परत घरात आनून राहिली, बाई." मी म्हटलं, "आजोबा, शब्द नाही, कागद." ते म्हणाले, "एकच हाय ते." त्यांचं चुकलेलं नाही. माझंही नाही. बसला तीन तास होते, मी स्टँडवर एकटीच बसून राहिले.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. अख्ख्या जिल्ह्यात धर्म बौद्ध आणि जातीच्या रकान्यात 'अन्य' अशा किती बायकांच्या तक्रारी आहेत, ते सांगा. महिन्यानं उत्तर आलं. एका ओळीचं. "चाही गई जानकारी निरंक है." निरंक म्हणजे काही नाही. एकही नाही. म्हणजे ती रामाकोन्याची पोरगी झालीच नाही. मीही झाले नाही.

पहिलं अपील मी टाकलं आहे. ते फेटाळलं तर दुसरं टाकीन. त्यानंतर पुन्हा नवा अर्ज, दर महिन्याच्या पत्रकामागं एक अर्ज, प्रत्येक ठाण्याच्या नावानं वेगळा. माझ्याकडे वेळ आहे, हात भराभर चालतो, आणि गमावण्यासारखी नोकरी आता राहिलेली नाही. त्यांनी निरंक लिहावं. मी प्रत्येक वेळी खाली माझं पूर्ण नाव, धर्म, प्रवर्ग आणि पान नंबर लिहून परत पाठवीन, त्यांना आकडा लिहावा लागेपर्यंत.